पक्का अंधार

साहेबलोकांच्या मनगटावरची घड्याळं उतरवायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तिसरी घंटा व्हायच्या आधी तो पहिल्या रांगेपुढे येऊन उभा राहायचा. खाकी अर्धी पँट, मुद्दाम काळ्या रंगात बुडवून घेतलेला सदरा, आणि पाय अनवाणी, कारण चपलेचा आवाज होतो. ज्याच्या घड्याळाचे काटे रेडियमचे असतील त्याच्यासमोर तो वाकायचा आणि सांगायचा की घडी खिशात ठेवा, अंधारात चमकते. बोलणं विनंतीचं, पण साहेबांनी घड्याळ खिशात घालेपर्यंत तो तिथून हलत नसे. साहेब तहसीलदार असो की त्याच्याही वरचा कोणी, तिसरी घंटा त्याच्यासाठी थांबायची.

गोष्ट एकोणीसशे साठच्या मागच्यापुढच्या वर्षांची. अमरावतीत आमची एक हौशी नाटकमंडळी होती. वकील, मास्तर, बँकेतले कारकून, आणि बायकांत मी एकटी. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. हा आमचा दिवेवाला. मूळचा अकोल्याचा, वीज कंपनीत वायरमन. दिवसभर खांबावर चढून नव्या नव्या वस्त्यांना उजेड द्यायचा आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन अंधार करायचा. गावात त्याला सगळे अंधारवाला म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी चिडवायला ठेवलं असेल, पण त्याला ते बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

"उजेड कोणीबी पाडते, बाई," तो मला म्हणाला होता. "बटन दाबलं का पडला. अंधार करा लागते."

आणि तो करायचा. सभागृहाच्या सात दारांना त्याने गोणपाटाचे दुहेरी पडदे शिवले होते. वरच्या झरोक्यांना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवली होती. प्रयोगाच्या दिवशी दुपारी तो रंगमंचाच्या मधोमध एक पांढरी दस्ती, म्हणजे हातरुमाल, दोरीवर टांगायचा, सगळे दिवे घालवायचा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा. दस्ती दिसली की अंधार कच्चा. मग उठायचा, कुठून उजेड झिरपतो ते शोधायचा, तिथे चिंधी कोंबायचा आणि परत येऊन बसायचा. असं तीन तीन तास. दस्ती नाहीशी झाली की म्हणायचा, आता पक्का झाला. आंब्याबद्दल बोलावं तसं बोलायचा.

अंधारात विडी ओढणाऱ्यावर तो कधी ओरडला नाही. त्याच्या शेजारी जाऊन उकिडवा बसायचा आणि विडीच्या टोकाकडे टक लावून बघत राहायचा. दोन झुरक्यांत माणूस शरमून विडी विझवायचा. एकदा एक म्हातारे पुढारी पहिल्या रांगेत कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून बसले होते. त्यांना याने सांगितलं की टोपी तरी मांडीवर घ्या, नाहीतर तुम्ही तरी मागं बसा, तुमच्या टोपीवरून उजेड उड्या मारून राहिला. पुढारी संतापले. त्यांनी विचारलं की मी कोण आहे हे माहीत आहे का. हा म्हणाला की अंधारात सगळे सारखेच असतात, म्हणून तर करतो. टोपी मांडीवर आली.

मंद उजेडासाठी त्याच्याकडे मातीचं नळकांडं होतं. त्यात मिठाचं पाणी, आणि पाण्यात वरखाली होणारी तांब्याची पट्टी. पट्टी पाण्यात उतरेल तसा दिवा चढायचा, वर येईल तसा उतरायचा. मीठ किती घालायचं ते तो जिभेने चाखून ठरवायचा. आम्ही म्हणायचो की एखाद्या दिवशी हा विजेचा झटका खाऊन मरेल. तो म्हणायचा, वरणापेक्षा अंमळ खारट पाहिजे.

तालमीला चहा व्हायचा तेव्हा तो स्वतःच्या पिशवीतून स्वतःचा मग काढायचा. आमच्यातल्या दोघाचौघांनी त्याच्यासाठी वेगळा कप ठेवायचा बेत केला असता, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्यांना तो आनंद त्याने मिळूच दिला नाही. एकाने विचारलंच, तर म्हणाला, "तुमचे कप कोण धुते, कसे धुते, मले काय मालूम?" विचारणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतला तो. बापाने घरातले देव नेऊन विहिरीत सोडले तेव्हा हा ऐन विशीत होता. आपल्या वस्तीत विजेचा पहिला खांब आपणच उभा केला, हे तो फार साधेपणाने सांगायचा. आणि मग पुढे जोडायचा की त्याच्याआधी अंधाराचा अभ्यास करायला आम्हाला भरपूर वेळ दिला होता गावाने.

त्याचं खरं वैर मात्र एका मशीनशी होतं.

सभागृहाच्या छताला, बरोबर मधोमध, लोखंडी पट्ट्यांवर एक स्लाइडचं मशीन टांगलेलं होतं. गावातल्या एका शेठजींनी ते सभागृहाला दान दिलं होतं. नाटकाच्या आधी आणि मध्यंतरात त्यातून पडद्यावर साड्यांच्या दुकानाची, दंतमंजनाची जाहिरात पडायची, 'कृपया थुंकू नये' पडायचं, आणि नाटक संपल्यावर खुद्द शेठजींची तसबीर पडायची, खाली 'आभार'. बल्ब मुंबईहून यायचा. तापलेला बल्ब विझवून लगेच परत लावला तर जातो, असं सभागृहाच्या सेक्रेटरींना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांचा हुकूम होता की मशीन एकदा सुरू झालं की तसबीर दाखवून होईपर्यंत बंद करायचं नाही. नाटक चालू असताना भिंगापुढे एक पुठ्ठा सरकवायचा, झालं.

झालं कसलं. पुठ्ठ्याच्या कडेने आणि वरच्या भोकांतून उजेड गळायचा. रंगमंचावरचे सगळे दिवे घालवले तरी मधोमध एक दुधी चट्टा उरायचाच. आमच्या दिवेवाल्याला तो चट्टा जेवणात खडा लागावा तसा लागायचा. एका नाटकाच्या वेळी त्याने शिडी लावून सगळ्या मशीनवर काळी घोंगडी गुंडाळली. दुसऱ्या अंकात घोंगडी धुमसायला लागली. रंगमंचावर नेमका स्मशानाचा प्रवेश चालला होता, त्यामुळे जळक्या लोकरीचा वास येऊनही कोणी जागचं हललं नाही. उलट पडदा पडल्यावर प्रेक्षकांतल्या एका वकिलांनी दिग्दर्शकांचा हात हातात घेऊन वासापर्यंत विचार केल्याबद्दल अभिनंदन केलं. सेक्रेटरींनी मात्र मशीनला हात लावायची त्याला कायमची बंदी केली.

आता माझं सांगते. आमच्या पुढच्या नाटकात मी एका घरातली थोरली सून होते. शेवटच्या प्रवेशात ती मेलेली असते. अंगणात बाजेवर तिचं प्रेत आणि भोवती घरच्यांचं दागिन्यांवरून भांडण. मग पूर्ण अंधार. अंधारात मी उठून निघून जायचं आणि उजेड आला की रिकाम्या बाजेपाशी तीच मंडळी जेवायला बसलेली. सगळं नाटक त्या एका अंधारावर उभं होतं.

पहिल्या प्रयोगाला दिवे गेले आणि मशीनचा चट्टा पडला तो बरोबर माझ्या बाजेवर. मला वाटलं कोणाला दिसत नसेल. मी उठले, पदर खोचला, उशी काखेत मारली आणि चालू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "अबे पाह्य, मेलेली चालली. उशी घेऊन चालली." सभागृह जे हसायला लागलं ते थांबेचना. पुढचा प्रवेश कोणाच्या कानातही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पोरं उशा काखेत धरल्यासारखे हात करून माझ्यामागे चालत होती. बाजारात भाजीवाली हसली. माझे बाबा चांदूर बाजारकडचे, शेतीवाडीचे. मुलगी नाटकात काम करते हे त्यांनी भावकीच्या पुढ्यात मोठ्या हिकमतीने निभावलं होतं. पण लोक वाईट म्हणतील ते सोसता येतं, हसतील ते नाही. त्यांनी मला सांगितलं की शेठजींच्या वाढदिवसाचा जो दुसरा प्रयोग ठरला आहे तो शब्द दिलाय म्हणून कर. तेव्हाही हसले, तर नाटक बंद, आणि परतवाड्याचं स्थळ मी होकार देऊन टाकतो. बाबा धमकी देणारे नव्हते. जे म्हणायचे ते करायचे. मला परतवाड्याचं काही वाकडं नव्हतं, पण माझ्या सगळ्या आयुष्यात मला स्वतःहून हवीशी झालेली गोष्ट नाटक ही एकच होती, आणि ती मला उशी काखेत मारून सोडायची नव्हती.

हसण्याचा घाव माझ्याइतकाच दिवेवाल्याला बसला होता. त्याने माझी माफी वगैरे मागितली नाही. पंधरा दिवस तो तालमीला आला नाही आणि मग आला तो एक डबडं घेऊन. तेलाचा पिपा कापून त्याने मशीनसाठी टोपडं केलं होतं. हवा जावी पण उजेड जाऊ नये म्हणून वर वाकडी नळी आणि आतून बाहेरून चुलीची काजळी. भिंगापुढे पत्र्याची झापड, झापडेला तार, आणि ती तार वायरिंगच्या चिनी मातीच्या रिळांवरून छताच्या कडेकडेने थेट विंगेत त्याच्या हातापर्यंत. तार ओढली की झापड पडायची. बंदी मशीनला हात लावायची आहे, तार ओढायची नाही, असं त्याचं म्हणणं. दुपारी त्याने दस्ती टांगली, तार ओढली, आणि मी शेवटच्या रांगेत त्याच्या शेजारी बसून पहिल्यांदा पक्का अंधार पाहिला. पाहिला म्हणजे काय, काहीच पाहिलं नाही. शेजारचा माणूससुद्धा केवळ श्वासावरून कळत होता. मला रडू आलं आणि बरं वाटलं की ते कोणाला दिसणार नाही.

प्रयोगाच्या दिवशी चार वाजता सेक्रेटरी आले, वर बघितलं आणि ते टोपडं, झापड, तार सगळं उतरवून कचऱ्यात टाकायला लावलं. शेठजी आज स्वतः पहिल्या रांगेत बसणार, त्यांनी दिलेल्या मशीनला हे काळं डबडं लटकलेलं त्यांना दिसलं तर काय वाटेल, असं त्यांनी विचारलं. आमच्या दिग्दर्शकांनी मान डोलावली. आमच्या मंडळातले सगळेच मान डोलवण्यात तरबेज होते. शिवाय शेठजी माझ्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे मीही गप्प बसले. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण बसले.

मी रंगायला बसले तेव्हा तो दारात आला. आत यायची त्याची पद्धत नव्हती.

"बाई, एक सांगा. तुमाले अंधार पाह्यजे का नाही?"

मी म्हटलं, ते काढून टाकलं ना त्यांनी.

"त्यायचं नाही इचारून राहिलो मी. तुमाले पाह्यजे का?"

मी म्हटलं, पाहिजे.

तो गेला. मला वाटलं, पुन्हा घोंगडी वगैरे आणणार.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. मी बाजेवर पडले होते, तोंड प्रेक्षकांकडे, डोळे मिटल्यासारखे पण अंमळ किलकिले. भांडण रंगात आलेलं. तेवढ्यात मशीनच्या गळक्या उजेडात मला दिसलं की तो विंगेतून खाली उतरून सभागृहात गेला. मधल्या वाटेने, लोकांच्या मधून, घाई न करता चालला होता. मागच्या दाराशी भिंतीवर मशीनच्या फ्यूजचा बोर्ड होता आणि बोर्डाखाली खास पहारा द्यायला सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते. त्याने त्यांना नमस्कार केला. शेजारची रिकामी खुर्ची ओढली, तिच्यावर चढला, झाकण उघडलं, चिनी मातीचा तो फ्यूज उपसला आणि सगळ्यांना दिसेल असा खिशात घातला. सेक्रेटरी अर्धे उठले. पण ओरडतील कसे, पुढे शेठजी बसलेले, रंगमंचावर प्रेत. ते तसेच वाकलेले राहिले आणि हा आला तसाच मधल्या वाटेने परत निघाला. मागाहून मी त्याला विचारलं की अंधार झाल्यावर गुपचूप का नाही काढला. तो म्हणाला, चोरून केलं असतं तर ती चोरी झाली असती.

मेलेल्या बाईला हसता येत नाही, हे त्या दिवशी मला फार जड गेलं.

मग विंगेत तांब्याची पट्टी पाण्यातून वर आली आणि दिवे उतरत उतरत गेले. काही म्हणजे काही उरलं नाही. हजारभर माणसं समोर बसली होती आणि एक खोकला नव्हता. मी उठले. उशी घेतली. खरं सांगायचं तर मला घाई करायची होती, पण मी क्षणभर तिथेच उभी राहिले. माझ्या गावासमोर मी ताठ उभी होते आणि माझ्याकडे बोट दाखवायला कोणालाही जागा नव्हती. मग गेले. उजेड आला तेव्हा बाज रिकामी होती. घरची मंडळी जेवत होती. पुढच्या रांगांतून कोणाचा तरी हुंदका आला आणि पाठोपाठ दुसरा.

नाटक संपल्यावर सेक्रेटरींनी कुठूनतरी तार आणून फ्यूजच्या जागी स्वतःच कोंबली आणि शेठजींची तसबीर लावायला बटन दाबलं. बल्ब टप्पकन गेला. शेठजी कोऱ्या पडद्याकडे बघून चहा न घेता उठले.

रिक्षा राजकमल चौकाच्या पुढे आल्यावर बाबा म्हणाले, "तू उठली कव्हा? मले तं समजलंच नाही." परतवाड्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी आमच्या मंडळाला एक कागद पाठवला. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या, नाहीतर सभागृह आम्हाला बंद. कागदात लिहिलं होतं की सदर वायरमन याने आमच्या संमतीवाचून संस्थेच्या मालमत्तेत ढवळाढवळ करून बल्बचं नुकसान केलं आणि यापुढे अशा लोकांना आम्ही सभागृहात आणणार नाही. एक प्रत वीज कंपनीकडे, एक शेठजींकडे जायची होती. बल्ब कोणी घालवला हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी वकिलांनी सही केली, मास्तरांनी केली, बँकवाल्यांनी केली. दिग्दर्शकांनी तर झरझर केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी विचारलं, अशा लोकांना म्हणजे कशा?

कोणी म्हणालं की अहो, वायरमन लोक. मी म्हटलं, मग पुढच्या नाटकाला दिवे कोण लावणार, कीर्तनकार? दुसरं कोणी म्हणालं की बाई, शब्दाचा कीस काढू नका, तुमच्या शाळेचे अध्यक्ष आहेत ते. मी पुन्हा विचारलं. सगळे आपापल्या कपातला चहा बघत बसले. त्यांना उत्तर येत होतं म्हणूनच ते बोलत नव्हते.

मी त्यांच्या सह्यांच्या खाली, जागा सोडून, लिहिलं: 'अंधार मी मागितला होता. अशा लोकांत माझंही नाव धरावं.' आणि नाव लिहिलं, आडनावासकट, गावासकट.

जूनमध्ये शाळेने मला परत घेतलं नाही. त्याला कंपनीने मेळघाटाच्या पायथ्याशी धाडलं. मला अकोल्यात दुसरी शाळा मिळाली आणि नाटकंही मिळाली. गेलेल्या नोकरीचं रडगाणं मला गायचं नाही, कारण तिच्यासाठी मला कधी रडू आलं नाही.

पण त्या कागदाची खबर त्याला दुसऱ्याच दिवशी लागली होती. सकाळी मी शाळेत जात होते तेव्हा तो कोपऱ्यावरच्या खांबावर चढलेला. मला बघून उतरला. मला वाटलं, दोन शब्द चांगले बोलेल. तो कमरेचा पट्टा सोडत खाली बघूनच म्हणाला, "काहून लिवलं तसं? नोकरी जाईन तुमची."

मी म्हटलं, जाऊ दे.

"सही करतानी हात थरथरला का?"

मी खोटं बोलणार होते. पण त्याच्यासमोर ते जमेना. म्हटलं, हो, थरथरला.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "माहा बी थरथरला होता, फ्यूज काढतानी."